अर्ध्या युनिटचा हिशेब

विजेच्या बिलावर जे ‘युनिट’ छापलेलं असतं ते म्हणजे एक हजार वॉट-तास. हजार वॉटची इस्त्री तासभर सलग तापली की एक युनिट पडलं. बाजारात सध्या ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ नावाने पेट्या मिळतात. वर उचलायला मूठ, पुढे छोटा स्क्रीन, एक-दोन सॉकेट, चार-पाच यूएसबी पोर्ट आणि गाडीत असतो तसा बारा व्होल्टचा गोल सॉकेट. त्यांतली मध्यम आकाराची, पगारदार घराला झेपेल अशी पेटी साधारण ५०० वॉट-तासांची असते. म्हणजे अर्धं युनिट. महिन्याला १२० युनिट वापरणारं घर दिवसाला चार युनिट वापरतं. अशा घराला ही पेटी नेहमीसारखं सगळं चालू ठेवून जेमतेम तीन तास पुरेल, तेही वाटेत काहीच वाया जात नाही असं धरलं तर.

हे ऐकून हिरमुसायचं कारण नाही. अर्ध्या युनिटात रात्रभर पंखा, दिवे, वाय-फाय आणि फोन एवढं व्यवस्थित निघतं. फक्त ते कशावर खर्च करायचं नाही हे आधी ठरलेलं हवं. पेटी घेताना मॉडेलांची तुलना सगळेच करतात. स्वतःच्या घरातल्या उपकरणांची यादी फार थोडे करतात, आणि पैसे वाया जातात ते तिथेच.

लाईट जाणं म्हणजे तरी काय, हेही प्रत्येकाचं वेगळं असतं. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि मुंबई महानगर बंद पडलं. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑनलाइन परीक्षा अडकल्या. बहुतेक भागांत काही तासांत वीज परत आली. अशा प्रसंगाला अर्धं युनिट भरपूर झालं. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं होतं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तिथे अर्धं युनिट काय आणि दोन युनिट काय, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेटी रिकामीच. तिथे पेटीच्या आकारापेक्षा ती पुन्हा भरायची सोय महत्त्वाची. आणि तिसरा प्रकार पुण्यात गुरुवारी होतो तसा, देखभालीसाठी जाहीर केलेला बंद. वेळ ठाऊक असते, आदल्या रात्री पेटी भरून ठेवता येते. आपल्याकडे यांतलं नक्की काय घडतं, हे दुकानात शिरण्याआधी स्वतःला विचारून घ्यावं.

आता आकड्यांकडे येऊ. पेटीवर दोन आकडे असतात आणि जाहिरातीत त्यांची सरमिसळ होते. वॉट-तास म्हणजे टाकीत पाणी किती, आणि वॉट म्हणजे नळ केवढा. इकोफ्लो कंपनीचं ‘रिव्हर २’ हे मॉडेल २५६ वॉट-तासांचं आहे आणि एका वेळी ३०० वॉट देतं. ब्लूएटीचं ‘ईबी३ए’ २६८ वॉट-तासांचं आहे आणि ६०० वॉट देतं. साठा जवळपास सारखाच, पण दुसऱ्यावर ‘६००’ हा आकडा ठळक दिसतो म्हणून ते दुप्पट टिकेल अशी समजूत होते. प्रत्यक्षात त्यावर ६०० वॉटचा भार टाकला तर ते अर्ध्या तासाच्या आत आटपतं. रात्र काढायची असेल तर आधी वॉट-तास बघायचे. वॉट बघायचे ते आपलं सर्वांत दांडगं उपकरण त्यावर सुरू तरी होईल का, एवढ्यापुरते.

एमएएचचा आकडा तर सरळ बाजूला ठेवावा. ‘ऐंशी हजार एमएएच’ ऐकायला प्रचंड वाटतं. तो आकडा आतल्या सेलच्या व्होल्टेजवर मोजलेला असतो. ३.२ व्होल्टने गुणलं की ८०,००० एमएएचचे होतात २५६ वॉट-तास, म्हणजे जेमतेम पाव युनिट. जिथे वॉट-तास लिहिलेलेच नाहीत आणि फक्त एमएएच दिलेत, तिथे विक्रेत्याला काहीतरी दिसू द्यायचं नाही असं खुशाल समजावं आणि पुढे जावं.

टाकीतलं सगळं पाणी नळातून येत नाही, हे तिसरं. बॅटरीतली वीज डीसी असते. तिचं २३० व्होल्टच्या एसीत रूपांतर करताना आतला इन्व्हर्टर दहा-पंधरा टक्के गिळतो. शिवाय तो नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी काही वॉट खातो. लहान पेट्यांत हा खर्च बऱ्याचदा दहा वॉटच्या आसपास असतो. दहा वॉट ऐकायला क्षुल्लक, पण चोवीस तासांत त्याचे २४० वॉट-तास होतात. पाव युनिटची पेटी काहीही न जोडता एका दिवसात अशी संपून जाते.

वाय-फायच्या राउटरवर हे फार स्पष्ट दिसतं. राउटर खातो दहा-बारा वॉट. २५६ वॉट-तासांच्या पेटीवर तो दिवसभर चालायला हवा. पण त्याचा ॲडॅप्टर पेटीच्या सॉकेटमध्ये खोचला की राउटरचे अकरा आणि इन्व्हर्टरचे दहा, असे एकवीस वॉट जाऊ लागतात आणि दहा-अकरा तासांत खेळ संपतो. आता तो ॲडॅप्टर उलटा करून त्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेकांवर ‘आउटपुट १२ व्होल्ट’ असं असतं. म्हणजे पेटी बाराचे २३० करते आणि ॲडॅप्टर त्या २३० चे पुन्हा बारा. हा हेलपाटा टाळायचा असेल तर पेटीच्या बारा व्होल्टच्या डीसी सॉकेटमधून गोल पिनच्या केबलने राउटर थेट जोडावा आणि एसीचं बटण बंद ठेवावं. त्याच पेटीवर राउटर वीस तासांच्या पुढे जातो. मात्र काही राउटर नऊ किंवा पाच व्होल्टचे असतात, पिनचा आकार आणि अधिक-उण्याची बाजूही वेगळी असू शकते. ते न तपासता केबल खोचू नये. फोन आणि नवे लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होतात, तेही एसी बंद ठेवूनच करावेत. पैसा न घालता पेटी मोठी करण्याचा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

रात्रीचा हिशेब मांडून बघू. बीएलडीसी मोटरचा उभा किंवा टेबल पंखा ३० वॉटचा, आठ तास: २४० वॉट-तास. नऊ वॉटचे दोन एलईडी दिवे चार तास: ७२. राउटर सहा तास: ७० च्या आसपास. दोन फोन: ४५. एकूण ४२५ ते ४३०, आणि रूपांतराची गळती धरली की ५०० वर काटा टेकतो. एक रात्र, अर्धं युनिट. याच यादीत जुना ७५ वॉटचा पंखा घातला तर एकट्या पंख्याचेच ६०० होतात. म्हणून हजार वॉट-तासांच्या पेटीसाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी पंखा बदलावा. चांगल्या बीएलडीसी पंख्याला जे दोन-चार हजार पडतात ते मोठ्या पेटीच्या जादा किमतीपुढे काहीच नाहीत, आणि तो पंखा लाईट असतानाही बिल कमी करत राहतो.

टेबल पंखा मुद्दाम म्हटलं. छताचा पंखा आणि भिंतीतले दिवे घराच्या वायरिंगला जोडलेले असतात, त्यांना प्लग नसतो. पॉवर स्टेशन फक्त प्लगवाल्या वस्तूंना वीज देतं. ही गोष्ट कोणी दुकानात सांगत नाही आणि घरी आल्यावर लक्षात येते. मग कोणीतरी युक्ती काढतं: दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करायची, एक टोक पेटीत, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की सगळं घर उजळतं. ही युक्ती जीवघेणी आहे. मेन स्विच बंद करायचा राहिला तर तुमच्या घरातली वीज उलट्या दिशेने लाईनवर जाते, आणि वर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या दृष्टीने ती लाईन बंद असते. वायर निसटून हातात आली तर तिच्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात. आणि याच वेळी महावितरणची वीज परत आली तर पेटीही जळते. असं कधीही करू नये, ओळखीच्या वायरमनने ‘काही होत नाही’ म्हटलं तरी.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. घर स्वतःचं आहे, तिथून हलायचं नाही, छताचे पंखे आणि दिवे चालावेत एवढीच गरज आहे, तर आपल्या ओळखीचा भिंतीलगतचा इन्व्हर्टरच घ्यावा. १५० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते. त्यातले सगळे वापरायला मिळत नाहीत, डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं, चार-पाच वर्षांत बॅटरी बदलावी लागते. तरी रुपयाला मिळणारी वीज मोजली तर तो अजून पुढे आहे. पॉवर स्टेशन खरं कामाला येतं ते भाड्याच्या घरात, जिथे वायरिंगला हात लावायची मुभा नसते, किंवा वर्षा-दोन वर्षांत बदली होते. हॉस्टेलवर. टेबलावर लॅपटॉप आणि राउटर एवढंच जग असलेल्यांकडे. आणि ज्यांना तीच पेटी शनिवारी गाडीत टाकून बाहेर पडायचं असतं त्यांच्याकडे.

फ्रिजबद्दल हमखास विचारलं जातं. फ्रिजवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. समजा २५० आहेत, तर दिवसाला सरासरी ७०० वॉट-तासांच्या आत. म्हणजे अर्ध्या युनिटच्या पेटीवर, गळती आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून, दहा-अकरा तास. अडचण येते ती सुरू होताना. चालताना शंभर-दीडशे वॉट घेणारा साधा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट ओढतो, आणि ३०० वॉटची पेटी तिथेच ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद पडते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे नवे फ्रिज हळूहळू वेग घेतात, त्यामुळे ते लहान पेटीवरही बऱ्याचदा चालतात. दार न उघडलेला फ्रिज चार तास तरी गार राहतो. तेव्हा लाईट गेल्या गेल्या फ्रिज पेटीवर टाकायची घाई नको. लाईट लांबलीच तर तीन-चार तासांनी तासभर चालवावा. घरात इन्सुलिन असेल तर हा हिशेब आधीच करून ठेवावा.

औषधोपचाराचं आणखी एक. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचं सीपॅप यंत्र साधारण ३० ते ६० वॉट घेतं. त्यातला पाणी तापवणारा ह्युमिडिफायर बंद केला तर अर्ध्या युनिटात रात्र निघते, आणि कंपनीचा डीसी ॲडॅप्टर वापरला तर आणखी सहज. पण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे वेगळं प्रकरण आहे. पाच लिटरचं यंत्र तीनशे वॉटच्या वर घेतं, म्हणजे अर्धं युनिट सव्वा-दीड तासात संपलं. ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे पॉवर स्टेशनच्या भरवशावर राहू नये. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हाताशी हवा.

आणि जिथे उष्णता निर्माण करायची आहे ती प्रत्येक वस्तू यादीतून काढून टाकावी: गीझर, इस्त्री, इंडक्शन, केटल. कारण साधं आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ८७ वॉट-तास ऊर्जा लागते. भौतिकशास्त्राचा हा दर कोणतीही कंपनी कमी करू शकत नाही. केटलमधून आणि इन्व्हर्टरमधून जाणारी उष्णता धरली तर ११० च्या आसपास. दोन लिटर चहाचं पाणी उकळलं की पाव युनिटची पेटी जवळपास रिकामी. तोच चहा छोट्या गॅसच्या शेगडीवर काही ग्रॅम गॅसमध्ये होतो. काही कंपन्या आपल्या छोट्या पेटीवर केटलही चालते असं दाखवतात. तिथे व्होल्टेज खाली आणून केटलला कमी वॉटवर चालवलेलं असतं. पाणी उशिरा उकळतं आणि साठा तेवढाच जातो. इस्त्रीचे कपडे थांबू शकतात.

पेटीच्या पोटात काय आहे, याला मात्र मी किमतीच्याही आधी ठेवतो. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्या धनाग्रात कोबाल्टचं संयुग होतं. पुढे कोबाल्टबरोबर निकेल आणि मँगनीज आलं, त्याला बाजारात एनएमसी म्हणतात. १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून ए. के. पाधी, के. एस. नंजुंदस्वामी आणि जॉन गुडइनफ यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लोखंड आणि फॉस्फेट यांच्या संयुगातही लिथियम आत-बाहेर करता येतं, हे त्यात दाखवलं होतं. तीच आजची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. या संयुगात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. बॅटरी तापली तरी तो सहज सुटत नाही, आणि ऑक्सिजन सुटला नाही तर आग भडकायला आयतं निमित्त मिळत नाही. झोपायच्या खोलीत पेटी ठेवायची आहे आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला घरातच पारा चाळिशीला टेकतो, तर हा फरक फार मोलाचा आहे.

दुसरा फरक आयुष्याचा. एनएमसीची पेटी साधारण पाचशे ते आठशे वेळा भरून रिकामी केली की तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते. चांगली एलएफपी पेटी तीन हजार वेळांपर्यंत जाते. रोज एकदा वापरली तरी आठ वर्षं. बदल्यात ती थोडी जड असते. समजा एक पेटी २४ हजारांची एनएमसी आहे आणि तेवढ्याच वॉट-तासांची एलएफपी २८ हजारांची, तर ते चार हजार बिनदिक्कत द्यावेत. पेटीवर रसायनाचं नावच नसेल तर ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. हल्ली गल्लीबोळांत जुन्या ई-रिक्षांच्या वा स्कूटरच्या सेलपासून जोडलेल्या पेट्याही मिळतात. आतले सेल किती झिजलेत आणि त्यांवर राखण करणारं सर्किट कसं आहे हे बाहेरून कळायला मार्ग नसतो.

वादळाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी सौर पॅनेलची गोष्ट सविस्तर करायला हवी, कारण तिथे पेटीचा जीव त्यावरच असतो. पहिला गैरसमज छतावरच्या सोलरचा. अनुदान घेऊन छतावर तीन किलोवॉटचे पॅनेल बसवले की लाईट गेली तरी आपलं घर चालू राहील, असं अनेकांना वाटतं. साधी ऑन-ग्रिड यंत्रणा बाहेरची वीज गेल्याबरोबर मुद्दाम बंद होते, तेही लाईनमनच्या सुरक्षेसाठीच. ऊन भर माथ्यावर आणि घरात अंधार, असं होतं. पेटीला स्वतःचं वेगळं पॅनेल लागतं.

घडीचं १०० वॉटचं पॅनेल प्रत्यक्षात साठ-सत्तर वॉट देतं. पाच तास चांगलं ऊन मिळालं तर दिवसाला ३०० ते ३५० वॉट-तास झाले. अर्ध्या युनिटच्या पेटीला हे बरं जुळतं: रात्री जेवढं वापरलं त्यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी परत. पण निसर्ग जूनमध्ये आलं होतं, पावसाच्या तोंडावर. ढगाळ दिवसात हेच पॅनेल पंचवीस टक्केही देत नाही. म्हणून कोकणात एकाऐवजी दोन पॅनेल जोडायची सोय असलेली पेटी घ्यावी, आणि पेटीच्या सोलर इनपुटची व्होल्टेज मर्यादा पॅनेलच्या मागच्या लेबलशी ताडून पाहावी. लेबलवर ‘ओपन सर्किट व्होल्टेज’ असतं. लहान बारा व्होल्टच्या पॅनेलचं ते २२ च्या आसपास असतं, तर छतावरच्या मोठ्या ५४० वॉटच्या पॅनेलचं ४९-५० व्होल्ट. ज्या पेटीची मर्यादा २८ आहे तिला ते मोठं पॅनेल लावलं तर चार्जिंगचं सर्किट कायमचं जातं. ही चूक वॉरंटीत बसत नाही.

सौर नसेल तर गाडी आहे. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटमधून पेटी साधारण शंभर वॉटने भरते. मुंबईहून दापोलीला जायला पाच-सहा तास लागतात. तेवढ्यात अर्धं युनिट पुष्कळसं भरलेलं असतं. मात्र इंजिन बंद करून हेच केलं तर गाडीची बॅटरी उतरते. आणि एक गोष्ट कोणतीही पेटी देऊ शकत नाही: नेटवर्क. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांत संपतात. निसर्गच्या वेळी फोन चार्ज असूनही लागत नव्हते. किनाऱ्यावरच्या घरात सेलवर चालणारा एक साधा रेडिओ असावा.

आता कॅम्पिंगकडे. इथे वजनापाशी सगळं येऊन थांबतं. पाव युनिटची एलएफपी पेटी साडेतीन-चार किलोची, अर्ध्या युनिटची सहा-सात, एक युनिटची अकरा ते चौदा किलोची. हरिश्चंद्रगडावर पाठीवर घेऊन चढायचं असेल तर यातली एकही नको. तिथे २०,००० एमएएचची पॉवर बँक आणि हेडटॉर्च पुरे, आणि उरलेल्या जागेत पाणी न्यावं. पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठी गाडी तंबूपर्यंत जाते, तिथे पेटी शोभते. तिथेही पाव युनिटच घ्यावी. दोन रात्री चार फोन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, यूएसबीवरचा पाच वॉटचा छोटा पंखा आणि एक कंदील एवढंच लागतं. हे सगळं डीसीवर चालतं, त्यामुळे एसीचं बटण दाबायची वेळच येत नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीत जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: यातल्या बहुतेक पेट्या पाण्यापासून सुरक्षित नसतात. थंड हवा ओढायला त्यांना बाजूला जाळी असते आणि पाऊस तिथूनच आत जातो. पेटी तंबूतही थेट ओल्या जमिनीवर ठेवू नये. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चालवूही नये, कारण मग ती तापते. झाकण असलेल्या क्रेटवर, जाळी मोकळी ठेवून, अंगावर शिंतोडे येणार नाहीत अशी ठेवावी. आणि मेअखेर, जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला गेलात तर पेटी गाडीतच राहू द्या. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना लुकलुकण्यावरूनच ओळखतात. झाडाखाली लावलेल्या पांढऱ्या एलईडीने त्यांची ती भाषाच पुसली जाते, आणि त्यांना वर्षात तेवढेच थोडे दिवस मिळतात. मला या गोष्टीची मनापासून चीड येते.

परदेशातून कोणी येणार असेल तर ‘तिकडून स्वस्तात आणतोस का’ असं विचारलं जातं. विमानात प्रवाशाला १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये नेता येते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. त्यावर मनाई. म्हणजे पाव युनिटची पेटीसुद्धा येऊ शकत नाही. शिवाय अमेरिकेतल्या पेट्या १२० व्होल्ट देतात, आपला पंखा त्यावर धड फिरणार नाही. इथलीच घ्यावी. घेताना बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघावा, तो ‘आर’ या अक्षराने सुरू होतो. आउटपुट ‘प्युअर साइन वेव्ह’ असल्याची खात्री करावी, नाहीतर पंखा घोंघावतो आणि मोटर तापते. गावात व्होल्टेज १७० पर्यंत उतरत असेल तर एवढ्या कमी व्होल्टेजवर पेटी चार्ज होते का, हे लेखी विचारावं. आणि दुरुस्ती कुठे होते? पेटी कुरिअरने पाठवावी लागेल असं उत्तर आलं तर थांबावं, कारण एवढी मोठी लिथियम बॅटरी कोणताही कुरिअरवाला सहजासहजी घेत नाही. आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या शहरात सेवा केंद्र असलेली थोडी महाग पेटीही शेवटी स्वस्त पडते. आयुष्य संपल्यावर ती भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तिची व्यवस्था काय हेही खरेदीच्या वेळीच विचारता येतं.

वापर नसेल तेव्हा पेटी अर्धी-साठ टक्के भरून ठेवावी. दर तीन महिन्यांनी बघावी. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नये, तिथलं तापमान साठीच्या पुढे जाऊ शकतं. वादळाचा इशारा आला की पूर्ण भरावी.

आणि पेटी घरी आली की परत करायची मुदत संपण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. पूर्ण भरा. वॉटचा आकडा ठाऊक असलेला एक पंखा आणि एक दिवा लावा, घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि ती स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू द्या. एकूण वॉट गुणिले तास. पेटीवर ५०० छापलेले असतील आणि एसीवर ४०० ते ४३० निघाले तर माल खरा आहे. तीनशेच निघाले तर बिल शोधून काढा आणि पेटी त्याच खोक्यात परत भरा.